रिंगणातली तार

भिवाजी खिल्लारे यांनी जवळा बाजारच्या आजूबाजूच्या गावांत दोनशेच्या वर टीव्हीचे अँटेना उभे केले. त्यातल्या दीडशेला तरी मी दोर धरायला होतो. वावटळीत पत्रे उडाले, झाडं पडली, पण त्यांचा एकही अँटेना पडला नाही. हे आधी सांगतो, कारण लोकांच्या लक्षात फक्त शेवटचा राहिला.

आम्ही दोघं हातपंप दुरुस्तीच्या टोळीवर मजूर होतो. बोअरमधून वीस-वीस फुटी पाइप वर ओढायचे, आतला झिजलेला वायसर बदलायचा, पाइप पुन्हा खाली सोडायचे. ओला पाइप हातातून निसटला की बोअर गेला. भिवादादांच्या हातून कधी निसटला नाही. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते. बोलणं कमी. काम चालू असताना कोणी बिडी पेटवली तर ते पाइप खाली ठेवायचे आणि बिडी संपेपर्यंत त्या माणसाकडे बघत उभे राहायचे. तो माणूस दुसऱ्यांदा बिडी काढत नसे.

खेड्यांत टीव्ही आले ते नव्वदनंतर. आमच्याकडे चित्र पकडायचं तर अँटेना चाळीस फुटांवर न्यावा लागे. त्याच्या खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या. चाळीस फूट म्हणजे दोन पाइप सॉकेटने जोडलेले, वर ॲल्युमिनियमच्या काड्या. हे आडवं असतं तेव्हा कोणीही उचलेल. उभं करायला माहिती लागते. ती आमच्या टोळीला होती.

या कामाचा हंगाम म्हणजे नाताळ. आमच्याकडे नाताळ कोणाचा सण नव्हता, शाळेची सुट्टी होती. त्या दिवसांत कापूस विकून झालेला असायचा आणि वसतिगृहातली पोरं घरी आलेली असायची. पोरांचे केस कोणत्यातरी हिरोसारखे कापलेले, पोरींच्या वह्यांत गाणी उतरवलेली. सुट्टीत दुपारचा खास पिक्चर लागायचा आणि एकतीस तारखेला नाचगाण्याचा कार्यक्रम. टीव्ही घरात आला आणि अँटेना नाही, तर पोरं जेवायची नाहीत. मग बाप सायकल काढून भिवादादांकडे यायचा.

भिवादादांचे दोन नियम होते. पहिला, माणसं पाच. दोघं पाइप उचलत चालत येणार, तिघं तीन बाजूंनी दोर धरणार. चार माणसं असली तर ते परत जायचे. आमच्या टोळीतला फुलसिंग दर वेळी चिडवायचा, "दादा, अँटेना उभा करून राहिले का लगीन लावून राहिले? माणसं काहून मोजता?"

"लग्नात एक कमी आलं तर जेवण उरते," दादा म्हणायचे. "इथं माणूस उरत न्हाई."

दुसरा नियम रिंगणाचा. खड्डा खणण्याआधी ते पाइपाचं एक टोक खड्ड्याच्या जागी धरायला लावायचे आणि दुसरं टोक धरून गोल फिरायचे. पाइप पडला तर कुठे पडेल ते असं कळायचं. त्या रिंगणात विजेची तार आली तर ते खड्डा खणत नसत. घरमालक पाटील असो की मास्तर. "दुसरी जागा दाखवा," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरी अँटेना नव्हता. बुद्धवाड्यात लाइट उशिरा आली आणि तारा घरांच्या डोक्यावरूनच गेल्या. दादांनी अंगणात तीनदा रिंगण फिरून पाहिलं. तिन्ही वेळा तार आत आली. त्यांनी विषय सोडला.

त्यांची मुलगी अंजली तेव्हा हिंगोलीला वसतिगृहात दहावीत होती. हुशार, आणि पिक्चरचं भारी वेड. कोणत्या पिक्चरमध्ये कोणतं गाणं कितवं, ते पाठ. २००२ च्या नाताळात ती घरी आली होती तेव्हा गिरणीवाल्या रामप्रसादच्या खिडकीशी उभी राहून दुपारचा पिक्चर बघत होती. तो अँटेनाही दादांनीच उभा केलेला. मधेच रामप्रसादच्या बायकोने थंडी लागते म्हणून खिडकी लावून घेतली. थंडी खरीच होती. पण अंजली घरी आली ती वेगळीच होऊन.

"दोनशे घरात चित्र आणलं तुमी," ती म्हणाली. "आपल्या घरी काहून न्हाई?"

"रिंगणात तार हाय, बाई."

"मग मी पुढच्या सुट्टीत येतच न्हाई. वसतिगृहात टीव्ही हाय."

आणि ती आली नाही. दिवाळीत दोन दिवस आली आणि अभ्यासाचं सांगून परत गेली. चतुरावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी तुटून राहिली. टीव्ही न्हाई, घर तुटून राहिलं."

 डिसेंबरात दादांनी वसमतहून जुना ब्लॅक अँड व्हाइट संच आणला आणि अंजलीला निरोप धाडला: नाताळात ये, चित्र येणार.

मी विचारलं, "आन् तार?"

त्या वर्षी भारनियमन होतं. आमच्या गावाला सकाळी आठ ते बारा लाइट नसायची. महिनाभर तीच वेळ, घड्याळ लावून घ्यावं इतकी बराबर. दादा म्हणाले, "बारापर्यंत तार मेलेली हाय. वर जाताना पाइप तिला घासून जाईल. एकदा उभा राहिला की दोन हात लांब. मी मोजलं."

त्यांनी मोजलं म्हणजे बरोबरच असणार. मी हो म्हणालो. दीडशे वेळा त्यांनी रिंगण फिरून घेतलेलं मी पाहिलं होतं, आणि त्या दिवशी ते रिंगण फिरले नाहीत, तरी मी हो म्हणालो.

पंचवीस तारखेला मी साडेआठला पोचलो. अंजली आदल्या दिवशी आली होती. दारात बसून वेणी घालत होती. "जयभीम, काका," म्हणाली. "अडीच वाजता पिक्चर हाय. तुमच्यानं होते ना तोवर?"

"बापाला विचार."

"त्यांना विचारलं तर म्हणतात, तू मधे बोलू नको." ती हसली. वर्षभराने हसताना पाहिली.

घराला एकच पॉइंट होता, आढ्याखाली लोंबणारा होल्डर. टीव्हीची पिन लावायला दुसरी जागा नव्हती. दादा डब्यावर चढले, बल्ब काढून माझ्या हातात दिला आणि होल्डरला पिनेचा जोड बसवला. बल्ब फुटू नये म्हणून मी तो शर्टाच्या खिशात ठेवला. दादांनी टीव्हीची पिन लावली आणि अंजलीला सांगितलं, "मी हाक मारल्याबगर बटनाला हात लावू नको. मधेच लाइट आली आन् गेली तर संच जळते."

"न्हाई लावत," ती म्हणाली. पाय पोटाशी घेऊन संचासमोर बसली.

खड्डा दादांनीच खणला. काळी माती कडक होती, म्हणून दोन घागरी पाणी ओतून मऊ केली. दोन हात खोल, तळाशी दगड. माणसं मोजली तर चार: दादा, त्यांचा पुतण्या प्रेमानंद, फुलसिंग आणि मी. पाचवा एक जण शेजारच्या गावचा सांगितला होता, तो आला नाही.

"चौघांत होते की, दादा," फुलसिंग म्हणाला. "मी दोन दोर धरतो, मला दोन हात हायेत."

"पाच," दादा म्हणाले.

प्रेमानंद धावत गेला आणि गिरणीवाल्या रामप्रसादला घेऊन आला. त्याला बारापर्यंत काम नव्हतंच. भुवयांवर पीठ, अंगात बनियन. दाराशी आला तेव्हा आत अंजलीकडे बघून म्हणाला, "बाई, आता आमच्या खिडकीशी येऊ नको हां. आमीच तुमच्याकडे येतो."

"या की," अंजली आतून म्हणाली. "खिडकी उघडी ठेवते."

बायाबापड्या जमल्या होत्या. सगळे हसले, रामप्रसादही.

त्याला मी दोर कसा धरायचा ते दाखवलं: मनगटाला गुंडाळायचा नाही, मुठीत धरायचा, पाय रोवायचा. त्याने तसंच धरलं. दोर धरण्यात कोणाचीच चूक झाली नाही. हे मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं.

साडेदहाच्या सुमाराला पाइप उचलला. दादा आणि प्रेमानंद हात बदलत पुढे आले, पाइप तिरपा होत गेला. निम्मा उभा झाल्यावर प्रेमानंद बुडाशी गेला आणि दगडाने बूड अडवून धरलं. त्याच्या पायात रबरी चप्पल होती. दादा अनवाणी होते. चप्पल घातली की जमीन कळत नाही, असं ते म्हणायचे. खड्ड्याभोवती ओतलेल्या पाण्याचा चिखल झाला होता, त्यात त्यांचे पाय.

"मसाजी, ढिला सोड," दादा म्हणाले. मी सोडला. "फुलसिंग, वढ. अजून. बास." पाइपाचं टोक तारेकडे सरकलं. "घासू द्या," ते म्हणाले.

टोक तारेला लागलं. आवाज असा काही झाला नाही, चर्र एवढाच. प्रेमानंद मागे फेकला गेला. दादा पाइपाला धरूनच राहिले. मला वाटलं, ते जोर लावून राहिलेत. त्यांचा जोर लावतानाचा चेहरा मला माहीत होता. दोन क्षण मी त्यांच्या पुढच्या हुकुमाची वाट पाहिली. मग ओरडलो आणि तिघांनी दोर ओढून पाइप तारेपासून मागे पाडला. दादा त्याच्याबरोबर पडले.

त्यांना जीपमध्ये घातलं. वाटेतच संपले होते.

लाइट सव्वादहालाच आली होती, हे नंतर कळलं. सरकारी सुट्टी होती. कचेऱ्या बंद, कारखाने बंद, विजेला मागणी कमी, म्हणून त्या दिवशी भारनियमन लवकर उठवलं होतं. नाताळ दुसऱ्या कोणाचा तरी सण आहे आणि त्या दिवशी बाकीचं जग बंद असतं, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्यासाठी ती फक्त पोरांची सुट्टी होती.

गावात लाइट आलेली दोन गोष्टींनी कळायची. घरातला बल्ब लागायचा, नाहीतर रामप्रसादची गिरणी सुरू व्हायची आणि तिचा आवाज शिवारापर्यंत जायचा. शेजारच्या घरांत कोणी नव्हतं, सगळे बघायला जमले होते. रामप्रसाद आमच्याजवळ दोर धरून उभा होता. पाच माणसांच्या नियमासाठी आम्हीच त्याला आणलं होतं. अंजली संचासमोर बसली होती. तिने बटनाला हात लावला असता तर संच खरखरला असता आणि आम्हाला कळलं असतं. पण बापाने सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं. आणि बल्ब माझ्याकडे होता.

संध्याकाळी घरी आलो, शर्ट काढला तेव्हा तो हाताला लागला. फुटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी गेलो. घरात पाहुणे होते. अंजली टीव्हीसमोर त्याच जागी बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "काका, मी बटन लावलं असतं तर?"

तिला खोटं सांगून काही उपयोग नव्हता. अकरावीला विज्ञान होतं तिला. मी खिशातून बल्ब काढला आणि तिच्या पुढे धरला.

"हा माझ्यापाशी होता," मी म्हणालो. "तू ऐकलं बापाचं. मी दीडशे वेळा त्यांच्यासंगं काम केलं. बल्ब काढला तवा मला कळायला पाहिजे होतं."

तिने बल्बकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  मी डब्यावर चढलो, टीव्हीची पिन काढली, जोड काढला, बल्ब बसवला. लागला. चतुरावहिनी डोळ्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी बघितलं नाही.

मग बाहेर जाऊन खड्डा बुजवला. बुजवण्याआधी हात घालून मोजला. दोन हात, तळाशी दगड. काम बराबर होतं.

अंजली वसतिगृहात परत गेली नाही. बारावी तिने घरून एसटीने ये-जा करून केली, पुढे गावातच अंगणवाडीवर लागली. दोन-तीन वर्षांतच डिश आल्या. ताटाएवढी छत्री, पत्र्यावर चार स्क्रूंनी बसते. एक माणूस अर्ध्या तासात लावतो, आणि त्याला उंचीही लागत नाही. गावोगावचे आमचे पाइप लोकांनी भंगारात घातले. बरेचसे मीच उतरवले, पाच माणसं मोजून. लोक हसायचे. रामप्रसादने त्याचा पाइप उतरवू दिला नाही, तो अजून उभा आहे.

दादांच्या घरी डिश नाही. जुना संच कपड्याखाली झाकलेला आहे. तो एकदाही लावला गेला नाही. दर पंचवीस तारखेला मी जातो. अंजली चहा करते. होल्डरला बल्ब असतो आणि तो भर दुपारीही चालू असतो.

एकदा मी वहिनींना म्हणालो, "दिवसा कशाला जाळता?"

"ती बंद करू देत न्हाई," त्या म्हणाल्या.