जागृती काच घासते

भिवंडीच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, जागृती सहा वर्षं काच घासत होती. काच पुसणं वेगळं आणि घासणं वेगळं, हे नबीला मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. त्यानंतरही अख्ख्या कॉलेजात हा फरक ठाऊक असलेल्या त्या दोघीच राहिल्या.

जागृती वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. बारावी सायन्स झालेली, कंत्राटी अटेंडंट म्हणून लागलेली. नबीला फकीह भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, आणि घरात तीन पिढ्यांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. त्या खटखटीतून सुटायलाच आपण फिजिक्स घेतलं, असं त्या सांगत. लग्नकार्यात नातेवाईक त्यांना हमखास विचारत, "लिक्विड क्रिस्टल म्हणजे टीव्हीतलंच ना? मग आमचा टीव्ही बघ की जरा."

टीव्ही मॅडमना दुरुस्त करता येत नसे. त्यांना लिक्विड क्रिस्टल नावाच्या त्या द्रवातले रेणू कळत. हे रेणू काड्यांसारखे लांबट असतात. वाहत असतात, पण वाहताना साधारण एकाच दिशेला तोंड करून राहतात. तापवलं की ही शिस्त मोडते. आणि शिस्तीत असताना द्रव गढूळ दिसतो, शिस्त मोडली की पाण्यासारखा स्वच्छ. हे पहिल्यांदा ऐकून जागृती एवढंच म्हणाली, "म्हणजे गढूळ हाय तोवर बरं चाललंय."

काड्यांना दिशा कळावी म्हणून आधी काचेवरचा पातळ थर मखमलीच्या कापडानं घासायचा. एकाच दिशेनं, एकाच दाबानं, हात उलटा न आणता. मग अशा दोन काचा अगदी जवळ बसवून मधल्या फटीत द्रव भरायचा. मॅडमचा हात विचारात असला की दाब चुकायचा. जागृतीचा चुकत नसे.

मॅडमचा प्रश्न असा होता : ह्या द्रवात नॅनोकण मिसळले, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक कण, तर रेणूंची शिस्त वाढते की बिघडते? वर्षभर नुसत्या द्रवाची मोजमापं झाली. मग पांढऱ्या भुकटीची बाटली आली, आणि तिच्यातले कण अगदी नावापुरते मिसळल्यावर शिस्त दहा टक्क्यांनी वाढलेली दिसली. मॅडमनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

ते विभागप्रमुखांच्या कानावर गेलं आणि राष्ट्रीय परिषद ठरली. बॅनरही छापून आला : 'नॅनोकणांनी आणली रेणूंत शिस्त'.

बॅनर बांधायचं काम जागृतीकडेच होतं. शिडीवर चढून दोरी ओढताना तिनं तो वाचला आणि तिचा हात थांबला. भुकटीची बाटली ज्या आठवड्यात उघडली, त्याच आठवड्यात तिनं कापड बदललं होतं. बाहेरून मागवलेल्या मखमलीचे केस झिजून गेले होते, नवीन येईना. म्हणून तिनं कामतघरच्या एका चिंध्यांच्या गोदामातून सोफ्याच्या मखमलीचा तुकडा शोधून आणला, धुतला, आणि काम चालू ठेवलं. कुणाला सांगायचं सुचलंही नाही. फडकं बदलल्याचं कोण सांगतं?

दोन दिवस तिनं तोंड उघडलं नाही. आपण बोललो तर मॅडमचं काम बुडेल, आणि न बोललो तर ते खोट्यावर उभं राहील. दोन्ही तिला सारखंच जड जात होतं. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही कापडं मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी दोन्ही कापडं बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "हे तू आत्ता सांगतेस?"

"तुमी इचारलं न्हाय, मॅडम," जागृती म्हणाली. घाबरली की तिची पाड्यावरची बोली आणखीच वर यायची.

परिषदेला आठ दिवस होते. मॅडमनी बारा काचेच्या जोड्या घासायला सांगितल्या. सहा जुन्या कापडानं, सहा नव्यानं; दोन्हींतल्या काहींत नुसता द्रव, काहींत थोडे कण, काहींत जास्त. कुठली कशानं घासली ते फक्त जागृतीनं लिहून ठेवायचं आणि मॅडमना दाखवायचं नाही. डॉक्टरेट मिळवलेली बाई आठवडाभर आंधळेपणानं मोजत बसली, आणि उत्तर बारावी झालेल्या बाईच्या ओढणीच्या गाठीत.

गाठ सुटली तेव्हा सगळं स्पष्ट झालं. शिस्त आणली होती कापडानं. नॅनोकण अगदी थोडे असले तर किंचित फायदा, इतका किंचित की जपून बोलावं. जास्त झाले की त्यांच्या गुठळ्या होत आणि आजूबाजूच्या रेणूंची दिशाच बिघडत असे.

विभागप्रमुखांनी आकडे पाहिले. "म्हणजे भिवंडीत परिषद घ्यायची," ते सावकाश म्हणाले, "लांबून शास्त्रज्ञ बोलवायचे, आणि त्यांना कापडाबद्दल सांगायचं?"

"खरं ते आहे, सर."

"खरं असेल हो. पण बॅनर छापलाय."

बॅनर तसाच राहिला आणि त्याच्याखाली उभं राहून मॅडमनी त्याच्या बरोबर उलट भाषण केलं. बहुतेकांनी बॅनरवर विश्वास ठेवून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी मात्र विचारलं, "काच घासली कोणी?" मॅडमनी मागे बोट दाखवलं. जागृती चहाचे कप मांडत होती. त्या बाई उठून तिच्यापाशी गेल्या, आणि जागृतीनं टेबलावरच्या रुमालानं बशीवर घासून दाखवलं, हात उलटा न आणता. पंधरावीस जणांनी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं. तिला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

शोधनिबंध छापून आला. त्यावर मॅडमचं नाव होतं, विरोध करणाऱ्या विभागप्रमुखांचंही होतं. जागृतीचं नाव मॅडमनी लेखकांत घातलं होतं. 'पदवी नाही' म्हणून ते खाली आभारांत गेलं, आणि छापताना 'श्री. जागृती' झालं.

पुढे तिचं कंत्राट संपत आलं, तेव्हा ऑफिसनं कामाचं स्वरूप विचारलं. मॅडमनी लिहून दिलं, काच घासणे. ऑफिसनं ते सफाईत घातलं. मॅडम चिडल्या. त्यांनी तीन पत्रं लिहिली, निबंधाची प्रत जोडली, प्राचार्यांना दोनदा भेटल्या. अखेर जागृतीला प्रयोगशाळा सहायक हे पद मिळालं. ते पद फिजिक्सकडे नव्हतं, म्हणून तिची बदली केमिस्ट्रीत झाली.

आता मॅडम स्वतः काच घासतात. दाब कमीजास्त होतो, आकडे डळमळतात. दुपारच्या सुट्टीत जागृती दोन जिने उतरून येते, डबा बाजूला ठेवते आणि म्हणते, "सरा, मॅडम." मॅडम खुर्ची मागे घेतात.