पावसात न उघडणारे मिठागर

कागद झटकून ठेवण्याबद्दल सरकार मला पगार देत असे. किस्सेही झटकावेत, असे कुणी सांगितले नव्हते. म्हणून ते साठत गेले. जुन्या मॅट्रिकच्या जोरावर मी ठाण्याच्या एका सरकारी दप्तरखान्यात वाचनकक्ष सांभाळला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, राणीच्या अमदानीतले कागद तिथे तांबड्या कापडाच्या रुमालांत बांधलेले असत. भिंतीवर पिंपळाची सावली हलत असे, आणि एकदा रुमाल सुटला, की आपण कुठल्या शतकात बसलो आहोत हे खात्रीने सांगता येत नसे.

*

शाई आत आणायची नाही, हा आमचा पहिला नियम. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी दारात पेन काढून दिले आणि आत जाऊन खिशातून दुसरे काढले! मी हात पुढे केला.

"बाई, नुसतं हातात धरतो हो. त्याशिवाय मला विचारच सुचत नाहीत."

"मग विचार व्हरांड्यात करा. इथे फक्त वाचायचं!"

*

डोंबिवलीच्या सुमनताई जंगलखात्याच्या जुन्या कागदांवर प्रबंध लिहीत होत्या. एका दुपारी त्या रुमालावर डोके टेकून चक्क झोपल्या. मी उठवायला निघाले, तर आमचे शिपाई भिकाजी आडवे आले.

"राहू द्या बाई. त्या राणीच्या राज्यात गेल्यात. पाच वाजायच्या आत येतात परत!"

आल्या. पाचला पाच मिनिटे कमी असताना जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "बाई, तिकडे काय गारवा होता!"

*

ऐन आषाढात दिवा गावाहून धर्माबाबा आले. आगरी म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"बाय, मना आमच्या आज्याचं मिठागर बघाचं हाय. त्याच्यावर आता बिल्डिंगी उभ्या हायेत. मी पन त्यातच तिसऱ्या माल्यावर ऱ्हातो. डाक्टर बोलतो, डोल्यांची नजर दिवाली काढनार नाय."

मिठागरांचा नकाशा आमच्याकडे होता. परंतु तो कापडावर चिकटवलेला. दमट हवेत उघडला, तर रंग सुटतात. कडक ऊन पडल्याशिवाय तो उघडायचा नाही, असा नियम. मी तो जरा चाचरतच सांगितला.

म्हातारा खो खो हसला! "बरोबर हाय. पावसात मीठ कोन पिकवतं?"

*

तेव्हापासून दर सोमवारी ते येऊन बाकावर बसत आणि समोरच्या घड्याळावर नजर तपासत.

"आज काटं दिसतान, बाय."

श्रावण संपताना म्हणाले, "घड्याल दिसतं. काटं गेलं."

मी दप्तरखान्याच्या साहेबांकडे गेले. उभ्या नोकरीत नियम मोडण्याची परवानगी मी तेवढी एकदाच मागितली. साहेब स्वतः बाहेर आले. "बाबा, आजच उघडतो. जे व्हायचं ते होऊ दे."

"नको साहेब! वल्या आगरात पाय घातला, तं बांध फुटतो. माझ्या घाईसाठी सगल्या गावाचं मीठ घालवू काय?"

साहेब आत गेले. प्राध्यापक त्या दिवशी पेन न मागता बराच वेळ व्हरांड्यात उभे होते.

*

दसराही भिजला. दिवाळी आठवड्यावर आली आणि एका सोमवारी लख्ख ऊन पडले. भिकाजींनी साहेबांच्या हुकमाची वाट न पाहता नकाशा टेबलावर पसरला. निळी खाडी, तपकिरी बांध, चौकोनी आगरे.

सुमनताईंनी धर्माबाबांना हाताला धरून आणले. टेबलाजवळ येताच बाबांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्यावर खोचले. नाक कागदाला टेकेल इतके वाकले. मग सरळ झाले आणि डोळे मिटले. तळहात नकाशावरून वीतभर अंतर राखून सरकू लागला.

"हा बांध... हितं आजी बसाची... ही खाडीची वाट..."

हात बरोबर खाडीच्या निळ्या रेघेवर होता.

"बाबा, दिसतंय ना?" मी विचारले.

"बाय, बोलू नको. लुगडं वर घे. भरती आयली."

भिकाजींनी जमिनीवर ठेवलेले रुमाल भराभर उचलून टेबलावर घेतले. प्राध्यापकांनी पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले. सुमनताई बाकावर चढल्या.

आणि मी निऱ्या चिमटीत धरून चांगल्या वीतभर वर उचलल्या.