आतली कल्हई

बावीस वर्षांपूर्वी सोनगीर फाट्यावर सुरतेची एसटी येईपर्यंत नाना, म्हणजे माझे वडील, माझ्या पिशवीतला पितळी डबा उघडून आत अंगठा फिरवत होते. भांड्यांना कल्हई करण्यात त्यांचा जन्म गेला. "कल्हई उडनी का यामा ताक ठेवू नको, कळकी जास," एवढंच बोलले. कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकतं, विषारी होतं.

सुरतेत मी हृदयात बसवायच्या स्टेंटच्या कारखान्यात लागलो. बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक धातूची जाळी. तिच्यावर पॉलिमरचा थर फवारतात, म्हणजे रक्ताला धातू कमी खुपतो आणि गुठळी धरायचा धोका कमी होतो. थराआधी वजन, थरानंतर वजन. फरक ठरल्यापेक्षा कमीजास्त भरला की जाळी बाद. या नोंदी मीच ठेवतो.

यंदा जळगावात नानांना स्टेंट बसला. जाळी आमच्याकडची का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पिंप्राळ्याला अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, मी त्यांच्याजवळ सात दिवस राहिलो. निघताना ते धातूला घाबरलेले दिसले, म्हणून समजावलं, "नाना, आतून कल्हई केलेली आहे." ते हसले. मलाही बरं वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी परत गेलो. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तीस आणल्या होत्या, रोज एक. अकरा उरायला हव्या होत्या. मोजल्या तर तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीसच. मी निघालो त्या दिवसापासून एकही घेतलेली नव्हती.

नाना शांतपणे म्हणाले, "तूच सांगं ना, कल्हई करेल शे. मंग गोयी कसाले?"

तसंच डॉक्टरांकडे नेलं. सुदैवानं काही झालेलं नव्हतं. गोळी पुन्हा सुरू झाली. मग मी नीट सांगितलं, की थरानं परकेपणा कमी होतो, संपत नाही. शरीर जाळीवर स्वतःचं अस्तर चढवतं, तोवर गोळी चुकवायची नाही. डॉक्टरांनी वर्ष सांगितलंय.

नानांनी विचारलं, "तुले सुरत मानवाले कितला दिन लागनात?"

मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

आता रोज सकाळी आठला, कारखान्यात शिरण्याआधी, मी फोन लावतो. नाना बोलत नाहीत, पाकीट फोनजवळ धरून गोळी काढतात. तो 'टक्' आवाज आणि मागोमाग पाण्याचा घोट ऐकू आला की मी आत जातो. माझं घर आता तेवढंच आहे. आठ वाजून दोन मिनिटं झाली आणि फोन उचलला गेला नाही, तर मी गेटवरच उभा असतो.