मोठ्या पानांचा हट्ट

टंकलेखिका म्हणून रक्तपेढीत लागलेल्या बाई डेटाबेस शिकल्या त्या स्वतःच्या हिमतीवर, पुस्तक ओट्यावर टेकवून आणि अनेकदा दूध उतू घालवून. गेली अकरा वर्षं यंत्रखोलीच्या किल्ल्या त्यांच्याच पर्समध्ये असत. कचेरीत त्यांना मागून हेकेखोर म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं.

सोमवारी सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती चढली आणि दुपारपासून सर्व्हर धापा टाकू लागला. कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत हे विचारायला आणि त्या मागवायला त्याच्याशी मोठी रुग्णालयं जोडलेली होती, आणि लांबलांबचे चाळीस छोटे दवाखानेही.

दुखणं कुठे आहे हे बाईंना पहिल्या तासातच कळलं. सर्व्हरची मेमरी पानापानांनी वाटली जाते. पानं लहान असली की त्यांची संख्या अफाट वाढते, आणि प्रत्येक जोडणी त्या पानांची आपली वेगळी अनुक्रमणिका बाळगते. शेकडो जोडण्या झाल्या की नुसत्या अनुक्रमणिकांनीच मेमरी भरून जाते. म्हणून बाईंनी फार पूर्वी डेटाबेससाठी, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी, मोठी पानं राखून ठेवली होती. जुन्या आवृत्तीवर ती बिनबोभाट मिळत. नव्या आवृत्तीवर मात्र कधी मिळत, कधी नाही. आणि डेटाबेसही असा मुखदुर्बळ, की मोठी पानं नाकारली तर एका कोपऱ्यात एक ओळ खरडायचा आणि लहान पानं घेऊन मुकाट कामाला लागायचा.

मंगळवारी पुरवठादाराचा सल्लागार आला. त्याने दोनदा सर्व्हर बंद-चालू केला आणि अहवाल लिहिला : नव्या आवृत्तीचं मोठ्या पानांशी जमत नाही, सबब ती सोय बंद करावी आणि चाळीस दवाखान्यांच्या जोडण्या कायमच्या काढाव्यात. त्यांनी फोनवर विचारावं. रक्तपेढीच्या साहेबांनी जोडण्या तात्पुरत्या तोडायला लावल्या आणि अहवाल बाईंपुढे सहीसाठी सरकवला.

“सही नाही करणार,” बाई म्हणाल्या. “आपला फोन दिवसातून किती वेळा लागतो ते तुम्हाला माहीत आहे, साहेब. तो लागेपर्यंत बाळंतिणीचं रक्त वाहायचं थांबत नाही.”

साहेबांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. तोवर उपाय सापडला नाही तर बाईंच्या सहीवाचून काम होईल, आणि किल्ल्याही दुसऱ्या कुणाकडे जातील, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं.

घरी बाईंचे यजमान, निवृत्त चित्रकला शिक्षक, ब्रश धूत बसले होते. नोकरीची दोन वर्षं उरलीत, आता कशाला वाकड्यात शिरायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी विचारलं, “मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून तुम्ही कधी झाड निळं रंगवलंत का?”

“एकदा रंगवलं होतं,” ते म्हणाले. “तपासणी होती.”

बाईंना हसू आवरेना. पण सकाळी त्या अर्धा तास आधीच कामावर पोचल्या.

बुधवार सगळा हुज्जतीत गेला. चाचणीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरही नवी आवृत्ती होती. बाई म्हणत, माझ्याकडे मोठी पानं मिळतात. सल्लागार म्हणे, माझ्याकडे मिळत नाहीत. दोघांकडे पुरावे होते आणि दोघांचेही खरे होते. शेवटी गुरुवारी बाईंनी त्याला बजावलं की तुम्ही जे करता ते माझ्या डोळ्यांदेखत करा. त्याने सर्व्हर बंद करून चालू केला, हात काढून घेतले आणि खिशातला फोन बघू लागला. डेटाबेस आपला आपण उठला. लहान पानं घेऊन.

बाईंना खूण पटली. अकरा वर्षांत त्यांनी डेटाबेसला असं एकट्याने उठू दिलंच नव्हतं. सर्व्हर चालू झाला की त्या स्वतःच्या नावाने आत शिरत, डेटाबेस थांबवत आणि आपल्या हाताने पुन्हा सुरू करत. चाचणीही तशीच. सोमवारी मात्र आवृत्ती चढवताना सर्व्हर आपणच बंद-चालू झाला होता, आणि भर कामात डेटाबेस थांबवता आला नव्हता. मोठी पानं धरून ठेवायची परवानगी ज्या फाइलमध्ये होती ती फक्त माणूस नावानिशी आत आला की वाचली जाई. जुन्या आवृत्तीत आपोआप सुरू होणारा डेटाबेसही त्याच वाटेने जाई. नव्या आवृत्तीने त्याची वाट बदलली होती, आणि त्या वाटेवर ती फाइल कुणी उघडतच नव्हतं.

“म्हणजे पाणी तुमच्याच हातापाशी मुरत होतं, मॅडम,” सल्लागार खुशीत म्हणाला.

“हो, माझ्याच. सगळं यंत्रावर सोडलं असतं तर सोमवारीच कळलं असतं. माझी चूक मी नोंदवते. तुमचा अहवालही चुकलाय, त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.”

आपोआप सुरू होण्याच्या फाइलमध्ये बाईंनी ती परवानगी लिहिली. ओळ एकच होती.

शुक्रवारी सव्वा अकराला, साहेबांसमोर, खरा सर्व्हर बंद करून चालू केला. बाई हात मागे बांधून कीबोर्डपासून दूर उभ्या राहिल्या आणि सल्लागारालाही त्यांनी भिंतीपाशी उभं केलं. चार मिनिटं गेली. डेटाबेस उठला, आणि त्याने मागितलेली सगळी मेमरी मोठ्या पानांत होती. योगायोग असेल, असं साहेब पुटपुटले. बाईंनी लागोपाठ आणखी दोनदा तेच करून दाखवलं.

मग साहेबांनी नवी वाट काढली. छान झालं, पण दवाखाने महिनाभर तोडलेलेच राहू देत, अंदाज घेऊ.

“अंदाज त्यांना जोडून घेऊ,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. सर्वांत लांबच्या दवाखान्यापासून त्यांनी सुरुवात केली.

“मी परवानगी दिलेली नाही, बाई.”

“मग तोडलेले ठेवा असं लेखी द्या. खाली सही तुमची.” त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि दुसऱ्या हाताने तिसरा दवाखाना जोडला.

साहेब कागद हातात घेऊन येरझारा घालत राहिले. त्यांनी पेन काढलं नाही. ते दाराशी पोचले तेव्हा एकोणीस दवाखाने जोडून झाले होते, आणि पहिल्या, सर्वांत लांबच्या दवाखान्याने ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या मागितल्याही होत्या.