स्पीकरसाहेबांचं टेबल

नागपूरला पोलिटिकल सायन्समध्ये एम.ए. करून मी अमेरिकेत आले आणि एडिसनजवळच्या एका ग्रीक डायनरच्या गल्ल्यावर बसले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरी पत्रात मात्र 'हॉटेल मॅनेजमेंट' असं लिहायचे. थापा मारायची सवय तेव्हापासूनची म्हणा.

मालक साठीचा, ग्रीसमधल्या एका खेड्यातला. शाळेत त्याच्या बाकावर बसणारा मुलगा पुढे तिकडच्या राजकारणात गेला, आणि त्याची अख्खी कारकीर्द आमच्या गिऱ्हाइकांना ऑम्लेटबरोबर ऐकावी लागायची. वकील झाला, लष्करी राजवटीत तुरुंगात गेला, सुटला, निवडून आला, आणि आता चक्क पार्लमेंटचा स्पीकर! "एवढी भांडखोर माणसं, आणि हा नुसती घंटा वाजवून गप्प करतो," असं म्हणत मालक काउंटरवरची घंटा टणकन वाजवायचा. आत स्वयंपाकी दचकायचा.

रोजची गिऱ्हाइकं त्याची टर उडवायची. "तुझा स्पीकर तुला ओळखतो तरी का?"

मालक लालबुंद. "येईल तेव्हा बघा. नावानं हाक मारेल!"

आणि खरंच की हो, स्पीकरसाहेब अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. मालकानं चार पत्रं पाठवली. शेवटी सेक्रेटरीचा फोन आला: शनिवारी दुपारी, दहा मिनिटं. मग काय विचारता! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. खिडकीजवळच्या टेबलावर आठवडाभर कुणाला बसू दिलं नाही. मला साडी नेसून यायला सांगितलं, का ते देव जाणे. नेसले.

शनिवारी टर उडवणारे झाडून सगळे हजर. गाडी थांबली. मी आणि मालक दारात उभे. साहेब उतरले, हात पसरले आणि मालकाला अशी गच्च मिठी मारली की आत टाळ्यांचा कडकडाट झाला. मालक रडायलाच लागला.

मी मात्र टाळी वाजवली नाही. आपल्याकडचे पुढारी पाहिलेत मी. माणूस आठवत असला की नाव घेतात, आठवत नसला की मिठी मारतात. ग्रीक मला ओ की ठो कळत नाही, पण नाव तर कळेल ना! मी कान टवकारून बसले. साहेबांनी मटणाचे दोन घास खाल्ले, माझ्या साडीचं कौतुक केलं, स्वयंपाक्याशी हात मिळवला, मालकाच्या पाठीवर थापा मारल्या, फोटो काढला. नाव काही घेतलं नाही. गाडी गेली. असा संताप आला मला! मेल्या, एका बाकावर बसलास, एवढंसं नाव जड झालं?

मालक खिडकीजवळचं टेबल पुसत होता. एकच जागा पुसत होता.

"मग? मारली का नावानं हाक?" कुणीतरी विचारलं. "टाळ्यांत काही ऐकू आलं नाही बुवा."

फडकं थांबलं. मालकानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं.

"मारली की," मी म्हणाले. "दारातच, मिठी मारताना, कानात. मी शेजारीच उभी होते ना!"

दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या कारकीर्दीत ते एक वाक्य वाढलं. मी नोकरी सोडेपर्यंत मालक ते रोज सांगायचा, आणि सांगताना माझ्याकडे कधीच बघायचा नाही.