पितळी नळीवरच्या खुणा

वर्गात भूगोल चालला होता, तेव्हा हमीद दाराशी येऊन उभा राहिला. "मास्तर, भाई गेले. ताप उतरलाच नाही," एवढंच म्हणाला. भाई म्हणजे त्याचे थोरले बंधू कासमभाई, मेनरोडवरचे घड्याळजी आणि माझे पाखरं पाहण्यातले जुने सोबती. त्याला आता सहा आठवडे होतील... आणि त्याआधीचे आठ महिने मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

देवळालीच्या छावणीतले साहेब विलायतेला परत निघाले की त्यांचं सामान जुन्या बाजारात येई. तिथं आम्हाला एका डोळ्याला लावायच्या, नळी ओढून लांब करायच्या दोन पितळी दुर्बिणी दिसल्या. एक लखलखीत, दुसरी काळवंडलेली, पोचा पडलेली. माझा जीव पहिलीवर जडला. कासमभाईंनी दोन्ही दूरच्या पाटीवर रोखून बराच वेळ पाहिलं. "मास्तर, पितळ काय बघता? हिच्यात अक्षरांच्या कडेला जांभळा रंग येतो. पोचेवाली घ्या, तिची काच साफ आहे." तीच घेतली, पण घरी येईपर्यंत मी फुगून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी गोदेच्या पलीकडच्या काठावर खंड्याच्या चोचीत वळवळणारा मासा दिसला, तेव्हा कुठे राग गेला.

घड्याळ दुरुस्त झालं की झाकणाच्या आत बारीक खूण ओरखडायची त्यांची रीत होती. तीच त्यांनी दुर्बिणीला लावली. नळी जिथवर ओढली की त्यांना स्पष्ट दिसे, तिथं दर हिवाळ्याला सुईनं एक रेघ मारत. "माझा डोळा इथे लागतो," म्हणत. मी हसत असे. माणसाची खोड, दुसरं काय!

गेल्या हिवाळ्यात आम्ही निफाडला उतरून टांग्यानं नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर गेलो. चक्रवाकांची, त्या तांबूस बदकांची, जोडी बसली होती. मी नेम धरून दुर्बीण त्यांच्या हाती दिली, तेवढ्यात जोडी उडाली. त्यांनी मात्र डोळा लावून म्हटलं, "व्वा! काय ऐटीत बसलेत दोघं!" माझं डोकं फिरलं. "कधीच उडाले ते! न बघताच व्वा म्हणायचं, तर येता कशाला?" त्यांनी नळी हळूच आत सारून दुर्बीण माझ्या हाती दिली. पुन्हा आले नाहीत, आणि मीही आडमुठा, बोलवायला गेलो नाही.

मातीला गेलो त्या दिवशी हमीदनं सांगितलं, "दोन वर्षं झाली, भाईंना दिसत नव्हतं. घड्याळं मीच उघडायचो, ते कानाला लावून बिघाड सांगायचे. गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नव्हतं." मग माझ्याबरोबर कशाला येत होते, मी विचारलं. "म्हणायचे, मास्तर काय दिसतं ते सांगतात ना, तेवढं पुरे आहे."

घरी येऊन नळी उजेडात धरली. रेघा वर्षागणिक सरकत गेल्या होत्या, आणि दोन हिवाळ्यांपूर्वी थांबल्या होत्या. दर फेरीला माझा अंगठा त्यांच्यावरून फिरत होता. मला लाज वाटते, आणि ती सांगायला आता कुणी नाही.

चक्रवाक यंदाही आलेत. काल बंधाऱ्यावर एकटाच गेलो. नळी कासमभाईंच्या शेवटच्या रेघेवर आणली. तिथून मला सगळं पुसटच दिसतं... नुसते दोन तांबूस डाग. बराच वेळ डोळा लावून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "व्वा!"