पास केल्याची तक्रार

पोलिस खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी जव्हार-मोखाड्याकडची ती तक्रार आठवली की मला भर जेवणात हसू फुटतं आणि बायको म्हणते, "आलं वाटतं पापडाचं प्रकरण."

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करणाऱ्या एका बचत गटाची अध्यक्ष, पन्नाशीची बाई, ठाणे अंमलदारापुढे येऊन म्हणाली, "तपासणीवाला आलता. त्याने आम्हाला पास केलं. त्याला पकडा."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. नापास केलं म्हणून भांडणारे आम्ही पुष्कळ बघतो. मी तिला केबिनमध्ये बोलावलं.

हकीकत अशी होती. मुंबईचा एक व्यापारी त्यांचे पापड आखाती देशांत पाठवणार होता. त्यासाठी हलाल प्रमाणपत्र लागतं. मालात आणि माल बनतो त्या जागेत दारू, डुकराची चरबी असलं काही नाही, याची तपासून दिलेली ती खात्री. माल परत आला असता तर गटातल्या बारा बायका पुन्हा वीटभट्टीच्या वाटेला लागल्या असत्या. चार दिवसांपूर्वी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक इसम आला, फी घेतली, शिक्का मारला आणि गेला.

"मग तक्रार काय, मावशी?"

"साहेब, नवं पीठ उकडायच्या आधी आम्ही कणसरीला मोहाच्या दारूचे चार थेंब देतो, चुलीपाशीच. धान्याची देवी आमची. मी लपवलं नाही, बाटलीच दाखवली त्याला. तो बोलला, चालतं. ज्याला दारूपण चालते, तो तपासतो काय?"

आणि पुरावा म्हणून तिने पिशवीतून ती बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. हातभट्टीची दारू आपण होऊन पोलिसांपुढे ठेवणारी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही. अंमलदाराने माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे.

बाजाराच्या दिवशी एका जीपवाल्याने खबर दिली की तोच इसम मोखाड्यात दुसऱ्या गटाच्या बायकांना फॉर्म वाटतोय. त्याला उचलून आणलं. गडी गुळगुळीत. ओळखपत्र, लेटरहेड, सगळं चकचकीत. "मी अधिकृत आहे सर," एवढंच पालुपद. दोन तास गेले, माझं डोकं तापलं. पण असल्या माणसाकडून आवाज चढवून काही निघत नाही, हा माझा अनुभव.

म्हटलं, "ठीक आहे. त्या बाईंचं पापडाचं खोकं आम्ही जप्त करून मुद्देमाल खोलीत ठेवलंय. ती जागा तपासून दाखवा."

पंच म्हणून एक किराणा दुकानदार आणि एक प्राथमिक शिक्षक बोलावले. आमच्या मुद्देमाल खोलीत धाडीत पकडलेल्या दारूचे कॅन छताला टेकले होते. वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. मधोमध पापडाचं खोकं. पठ्ठ्याने दारातच नाकाला रुमाल लावला, यादीवर भराभर खुणा केल्या, 'अल्कोहोल : नाही' लिहिलं आणि शिक्का मारला. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मी तो कागद त्यालाच मोठ्याने वाचायला लावला. अर्ध्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला. "सर, आधी मी विम्याचे फॉर्म भरायचो. बघायची सवयच राहिली नाही हो." ओळखपत्र बनावट निघालं, फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

पुढे व्यापाऱ्याने खरा तपासनीस पाठवला. महिन्याभराने ती बाई पुन्हा ठाण्यात आली, हातात नापासाचा कागद. तेलाची बिलं नाहीत, पापडखार कुठला ते माहीत नाही, देवीची धार चुलीपासून लांब द्या, असं बरंच लिहिलं होतं.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाईट कशाला? आमच्याकडे साहेब लोक जीपमधूनच बघतात नि सही करून जातात. हा चुलीत वाकून बघत होता."

ती खुशीत गेली. मला मात्र हसता येईना. पोलिस गावाला येऊन गेल्याची नोंद असते त्या तिच्या पाड्याच्या भेट-वहीत माझ्याही सह्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच मी जीपमध्ये बसूनच केल्या होत्या. शरम वाटली, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या खेपेला गट पास झाला. धार आता शेताच्या बांधावर पडते, पापड परदेशी जातात. त्याआधीच, ती येऊन गेली त्याच आठवड्यात, मी पाड्यावर जाऊन जीपमधून उतरलो आणि घरोघर चालत फिरलो. पाड्याच्या विहिरीला कठडा नाही, हे तिथल्या नेमणुकीच्या दोन वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं.